इंदूरला एक दिवस ठेवा, आणि तो नदीकाठीच घालवा

महाराष्ट्रातून इंदूरला येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या बेतात इंदूरसाठी दिवस नसतो, फक्त रात्र असते. उज्जैनचा महाकाल, ओंकारेश्वर, जमलंच तर महेश्वर आणि मांडू ही यादी घरातून निघतानाच पक्की झालेली असते. इंदूर हे गाडीतून उतरायचं, खोलीत सामान टाकायचं आणि पहाटे पुन्हा निघायचं ठिकाण. आता त्या यादीचा हिशेब मांडून पाहा. इंदूर ते उज्जैन साधारण पंचावन्न किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन एकशेदहा. ओंकारेश्वर साधारण ऐंशी, म्हणजे जाऊन-येऊन एकशेसाठ, आणि त्यात माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणारा घाट. दोन दिवसांत दोनशेसत्तर किलोमीटर झाले. रस्ता कितीही चांगला असला तरी सहा-सात तास गाडीच्या काचेतून जातात आणि दर्शनाच्या रांगेचे तास वेगळे. यात्रा म्हणून हे सगळं रास्तच आहे, कारण यात्रेत कष्ट गृहीत धरलेले असतात. पण सहल म्हणून, थोडं थांबावं, पाहावं, बसावं या इच्छेनं घरातून निघालेल्या माणसाला यातून शीण तेवढा मिळतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: या दौऱ्यात एक अख्खा दिवस इंदूरसाठी ठेवा आणि तो कान्ह नदीच्या काठच्या जुन्या शहरातच घालवा. त्या दिवशी गाडीवाल्याला सुट्टी द्या.

निवांत दिवस म्हणजे कमी ठिकाणांचा दिवस, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. माणूस ठिकाणं पाहून थकत नाही, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना जे करावं लागतं त्यानं थकतो. गाडी बोलवायची, सगळ्यांना गोळा करायचं, चपला शोधायच्या, पार्किंगसाठी फिरायचं, आणि पुढच्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिली वीस मिनिटं नुसतं दिशा समजून घेण्यात घालवायची. हे दिवसातून पाच वेळा केलं की संध्याकाळी फोटो उरतात, आठवण राहत नाही. ही धावपळ जिथे करावी लागत नाही तिथे दिवस निवांत जातो; नेदरलँड्समधल्या कालव्यांच्या गावांना लोक निवांत का म्हणतात, याचं उत्तर इथेच आहे. डेल्फ्टचं उदाहरण घ्या. त्या गावाचं नाव ज्या जुन्या डच शब्दावरून आलं त्याचा अर्थच खणणं. दलदलीत कालवा खणला आणि त्याच्या काठानं गाव वसलं. पाण्यानं गावाला हद्द घातली, त्यामुळे जुनं गाव इतकं आटोपशीर राहिलं की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणूस अर्ध्या तासाच्या आत चालत पोहोचतो. चौकात नगरभवन आणि नवं चर्च समोरासमोर, तिथून जुनं चर्च पाच-सात मिनिटांवर. चित्रकार व्हर्मीर 1632 साली तिथे जन्मला, 1675 साली तिथेच वारला, त्या जुन्या चर्चमध्येच त्याला पुरलं, आणि ज्या गल्ल्यांत तो वावरला त्या आजही चालत चालत पाहता येतात. तिथे गेलेल्या पाहुण्याला बेत आखण्याची फारशी गरज पडत नाही, कारण गावाच्या आकारानंच तो आखून ठेवलेला असतो.

इंदूर वीस-पंचवीस लाखांहून मोठं शहर आहे. ते आपल्यासाठी हद्द घालणार नाही, ती आपणच घालायची आहे. पण तशी हद्द इथे आहे आणि ती जुनी आहे. कान्ह आणि सरस्वती या दोन छोट्या नद्या जुन्या शहरातून वाहतात, तिथेच एकमेकींना मिळतात आणि मग कान्ह उत्तरेला उज्जैनजवळ क्षिप्रेत जाते. नदीच्या एका अंगाला जुनी इंदूर ही वस्ती आहे. होळकरांच्याही आधी इथे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांची वस्ती होती आणि त्यांच्या घराण्याचा बडा रावला हा वाडा अजून उभा आहे. दुसऱ्या अंगाला मल्हारराव होळकरांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधायला घेतलेला राजवाडा. अहिल्याबाईंनी कारभार महेश्वरहून केला, त्यामुळे इंदूर खरी राजधानी झालं ते 1818 साली, मंदसौरच्या तहानंतर. राजवाडा, त्याला लागून गोपाळ मंदिर, सराफा, बर्तन बाजार, सीतलामाता बाजार, खजुरी बाजार आणि पाच-सात मिनिटांवर नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, हे सगळं त्या राजधानीच्या पोटातलं शहर आहे. पंढरीनाथ आणि चंद्रभागा ही मोहल्ल्यांची नावंही याच भागातली. इथे आलेल्या मराठी माणसांनी या नदीत आपलं पंढरपूर पाहिलं होतं, हे त्या नावांवरून कळतं. डेल्फ्टच्या जुन्या गावाएवढाच हा पसारा आहे. पूर्वेला नदी आणि पश्चिमेला इतवारियातलं काच मंदिर ही आपली वेस समजा आणि त्या दिवशी ती ओलांडू नका.

हा सल्ला आजचा नाही. राजधानी होऊन बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, 1918 साली, पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकारानं होळकर दरबारासाठी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. गेडीसची पद्धत अशी की आधी शहर पायी फिरायचं, गल्लीगल्लीत जाऊन घर, विहीर, झाड, देऊळ पाहायचं, आणि मग आराखड्याला हात घालायचा. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्याच्या तो विरोधात होता. जिथे अडतं तिथे थोडं कापायचं, बाकीचं जपायचं, असा त्याचा आग्रह. प्लेगनं शहर हैराण असताना त्यानं इंदुरात दिवाळीची एक वेगळी मिरवणूक घडवून आणली. मिरवणूक कोणत्या रस्त्यानं जाणार हे आधी ठरवलं नाही, जो भाग सगळ्यात स्वच्छ तिकडून ती जाणार असं जाहीर केलं. लोकांनी घरं झाडली, दारं रंगवली, कचरा वाहून नेला. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होते, शेवटी त्यांचं दहन झालं. आज स्वच्छतेसाठी देशभर नाव झालेल्या शहरात ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे, याची खंत वाटते. पण पाहुण्यासाठी तिच्यातलं कामाचं सूत्र वेगळं आहे: जुनं इंदूर माणसाच्या पावलाच्या मापानं बांधलेलं आहे, ते चाकांवरून दिसत नाही.

आता वेळेचं. सहलीचा दिवस आपण सकाळपासून आखत जातो, इंदूरचा दिवस मात्र रात्रीपासून उलटा आखावा लागतो. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र नामी, अशी म्हण उत्तरेत चालते, आणि शब-ए-माळवा हा त्यातला शब्द इंदुरी माणूस अभिमानानं वापरतो. त्याला हवामानाचा आधार आहे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीच्या या पठारावर दिवस तापला तरी सूर्य मावळल्यावर हवा उतरते. म्हणूनच सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांवर खाण्याचा बाजार भरतो आणि मध्यरात्र उलटली तरी चालतो. तिथे नऊ-साडेनऊला ताज्या पायांनी आणि रिकाम्या पोटानं पोहोचायचं, हे आधी ठरवा. मग उरलेला दिवस आपोआप बसतो: सकाळचे चार-पाच तास शहर, दुपारी विश्रांती, सूर्य कलल्यावर पुन्हा शहर. दिवस निवडताना सोमवार टाळा, राजवाडा आणि सरकारी संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर ही रंगांची मिरवणूक येते आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ निघतात. दोन्ही सोहळे पाहण्यासारखे आहेत, पण निवांत दिवसासाठी नाहीत. मुक्काम राजवाड्यापासून रिक्षानं दहा मिनिटांच्या आत घ्या, स्टेशन किंवा सरवटे बसस्थानकाच्या बाजूला. बाहेरच्या नव्या वस्तीतलं हॉटेल कितीही प्रशस्त असलं तरी दुपारी खोलीवर परतणं तिथून जमत नाही, आणि त्या परतण्यावरच सगळा बेत उभा आहे.

सकाळी साडेसात-आठला निघा आणि हॉटेलातला नाश्ता सोडा. इंदूरचे पोहे आणि आपले कांदेपोहे यांत फरक आहे, तो पाहून खाण्यासारखा आहे. आपण पोहे फोडणीत परततो. इथे हळद-मीठ-साखर लावलेले, नावाला फोडणी दिलेले पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवतात, म्हणून तासन्‌तास ते वाफेवर मऊ राहतात, कोरडे पडत नाहीत. गिऱ्हाईक आलं की मोठ्या पळीनं कडेचे पोहे कागदावर येतात, वर कच्चा कांदा, बारीक शेव, कोथिंबीर, लिंबू आणि शेवटी चिमटीनं जीरावण. जीरावण म्हणजे माळव्याचा तो मसाला, ज्यात जिरं, बडीशेप, आमचूर, काळं मीठ असा आंबट-तिखट मेळ असतो. सोबत गरम जिलबी. हे खाऊन छत्र्यांकडे गेलात तर नऊच्या आत, उन्हं चढायच्या आधी पोहोचाल. तिथे कृष्णाबाई होळकर, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांची स्मारकं आहेत. छत्री म्हटल्यावर छोटा घुमट डोळ्यांसमोर आणू नका, ही शिखरं-मंडपांची देवळासारखी दगडी बांधकामं आहेत. एका छत्रीपुढे बसा आणि एकच खांब तळापासून वरपर्यंत पाहा. कोरीव काम असलेल्या जागी सगळं पाहायला गेलं की काहीच दिसत नाही, एक खांब नीट पाहिला की बाकीचे आपोआप वाचता येतात. तासभर द्या. लोक इथे दहा मिनिटं देतात, म्हणून त्यांना हे ठिकाण साधं वाटतं.

राजवाडा साधारण दहाला उघडतो. आत शिरण्याआधी समोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी उभं राहून दर्शनी भाग पाहा. सात मजले आहेत, खालचे तीन दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. दगड जिथे संपतो आणि लाकूड सुरू होतं ती रेष शोधा, कारण या वाड्याचा सगळा इतिहास त्या रेषेवर आहे. लाकूड जळतं. 1801 साली शिंद्यांकडच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर जाळलं तेव्हा वाड्याचं मोठं नुकसान झालं, 1834 साली पुन्हा आग लागली, आणि 1984 च्या दंगलीत मागचा भाग भस्मसात झाला. त्यानंतर तो पुन्हा जुन्या धर्तीवर उभा करण्यात आला. डेल्फ्टही 1536 च्या आगीत आणि 1654 च्या दारूगोळ्याच्या स्फोटात असंच उद्ध्वस्त होऊन पुन्हा बांधलं गेलं. जुनं शहर आपल्याला अखंड मिळत नाही, ते कुणीतरी परत परत उभं केलेलं असतं, हे पाहायला राजवाड्याइतकी चांगली जागा माळव्यात नाही. आत मल्हारी मार्तंडाचं, म्हणजे होळकरांच्या कुलदैवताचं देऊळ आहे. जेजुरीच्या भक्तांना इथे घरच्यासारखं वाटेल. शेजारी गोपाळ मंदिर, आणि तिथून गल्ल्यांतून चालत काच मंदिर. शेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या या जैन मंदिरात भिंती, छत, खांब, सगळं काचेचं आहे. ते दुपारच्या आतच पाहून घ्या, संध्याकाळच्या भरवशावर ठेवू नका, आणि चामड्याच्या वस्तू खोलीवरच ठेवून निघा.

एक वाजता जेवून खोलीवर जा आणि पाचपर्यंत बाहेर पडू नका. या सल्ल्याला सगळ्यात जास्त विरोध होतो. इतक्या लांबून आलो, सुट्टी मोजकी, आणि चार तास झोपायचं का, असा सवाल येतो आणि तो खोटा नाही. पण त्या चार तासांत दुसरं काय होतं ते पाहा. एप्रिल-मे महिन्यांत माळव्याची दुपार चाळिशीच्या घरात असते. त्या उन्हात लालबागेकडे नाहीतर बडा गणपतीकडे धावलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय संध्याकाळी बोलू लागतात, मुलं चिडचिडी होतात आणि रात्री नऊला सराफ्याचं नाव काढलं की कुणी उठत नाही. म्हणजे दोन ठिकाणं मिळवायला जाऊन शहराचा खरा प्रहर हातचा जातो. लालबाग वाईट आहे म्हणून मी ती सोडा असं म्हणत नाही. 1886 ते 1921 एवढ्या काळात टप्प्याटप्प्यानं बांधलेला तो राजप्रासाद, लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीचं त्याचं फाटक आणि भोवतालची मोठी बाग यांना स्वतंत्र अर्धा दिवस लागतो. दुसरा दिवस हाताशी असेल तर तिथे जा. नसेल तर पुढच्या खेपेला ठेवा.

पाच वाजता बाजार. इथे खरेदीचा बेत असो वा नसो, क्रम असा ठेवा की पाय शेवटी नदीकडे वळतील. खजुरी बाजारात पुस्तकं, सीतलामाता बाजारात साड्या, बर्तन बाजारात पितळ-तांबं. महेश्वरी साडी घ्यायची असेल आणि महेश्वरला जाणार असाल तर इथे फक्त पोत आणि काठ पाहून ठेवा, विणकरांच्या गावात घेतलेली बरी. जीरावण आणि शेव मात्र याच वेळी घ्या. दिवे लागताना परत छत्र्यांपाशी या. सकाळी पाहिलेली तीच जागा संध्याकाळी दुसऱ्यांदा पाहणं हा या बेतातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. जो खांब सकाळी नीट पाहिला होता तोच आता दिव्यांत वेगळा दिसतो, आणि पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की ही जागा आपल्या ओळखीची आहे.

इथे कुणीही विचारेल की नदीकाठी बसायचं तर नदी तशी आहे का. प्रामाणिक उत्तर असं की पाणी अजून डच कालव्यासारखं नाही आणि उन्हाळ्यात ते कमी आणि काळपट असतं. अनेक दशकं या नद्या शहराची गटारं झाल्या होत्या. अलीकडच्या वर्षांत सांडपाण्याची हजारो तोंडं अडवण्याचं काम झालं आणि 2021 साली इंदूरला देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर असा दर्जा मिळाला. काम पुरं झालं असं त्यावरून कुणी समजू नये. पण म्हणून नदी टाळावी का? ज्या डच कालव्यांची चित्रं आपण कौतुकानं पाहतो त्यांतही विसाव्या शतकापर्यंत घराघरातलं सांडपाणी जात असे. लोक काठावर येत राहिले, दुर्गंधीची तक्रार करत राहिले, म्हणून ते कालवे स्वच्छ झाले. ज्या नदीकडे शहर आणि पाहुणे दोघंही पाठ करून बसतात तिची काळजी घ्यायला कुणीच उरत नाही. शिवाय पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात आलात तर पाणी वाहतं असतं आणि पठार हिरवं असतं. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी सगळ्यात सुखाचा.

नऊनंतर सराफा. गर्दीत कसला निवांतपणा, हा आक्षेपही रास्त आहे. शनिवार-रविवार टाळले तर तो बराचसा मिटतो, आणि खाण्याचा क्रम ठरवला तर उरलेलाही मिटतो. आधी पूर्ण गल्ली काही न खाता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. सोन्याच्या दुकानाचं शटर खाली आलेलं, त्याच्या पायरीवर तवा, कढई, स्टूल आणि वर एक दिवा, एवढ्यावर दुकान उभं राहतं, ते पाहण्यासारखं आहे. मग चार जणांत एक-एक बशी घ्या. भुट्ट्याचा कीस आधी: कोवळं कणीस किसून दूध-तुपात शिजवलेलं, वर खोबरं-कोथिंबीर. या पदार्थाच्या नावातला कीस हा शब्द मराठी कानाला लगेच ओळखीचा वाटतो. थंडीत असाल तर गराडू सोडू नका, हा कंद तळून वर जीरावण आणि लिंबू मारून देतात, आणि तो हिवाळ्यातच मिळतो. दहीवडा, खोपरा पॅटीस, साबुदाण्याची खिचडी यांतलं एक. गोडात मालपुवा नाहीतर रबडी. शिकंजी मागवाल तेव्हा लिंबाच्या सरबताची अपेक्षा ठेवू नका, इंदूरची शिकंजी दुधाची, दाट आणि सुक्यामेव्याची असते, एक पेला दोघांना पुरतो.

वयस्क मंडळी सोबत असतील तर या बेतात एवढाच बदल करा: राजवाड्याचे वरचे जिने सोडा, बागेतल्या बाकावरून दर्शनी भाग त्यांना पुरेसा आहे, आणि सराफ्याला साडेआठलाच पोहोचा, तेव्हा ओटे मांडले जात असतात आणि बसायला जागा मिळते. लहान मुलांना छत्र्यांपाशी वही-पेन्सिल द्या आणि एक खांब काढायला सांगा. याच शहरात चित्रकार बेंद्रे आणि हुसेन चित्रकला शिकले, हेही त्यांना सांगता येईल. परतताना रिक्षा राजवाड्याच्या चौकात मिळते, पण पोट जड असेल तर कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत चालत या. त्या वेळी बाजार मिटलेला असतो, रस्ता झाडणारी माणसं कामाला लागलेली असतात, आणि पुलावरून छत्र्यांचे दिवे पाण्यात दिसतात. उज्जैनची गाडी सकाळी सातला ठरवली असेल, तर गाडीवाल्याला रात्रीच फोन करून ती नऊची करून घ्या.